स्वतःचीच चरबी, मग धोका कसला? फ्लोरिडातल्या एका केसचा पूर्ण अभ्यास

"तुमचीच चरबी काढायची, साफ करायची आणि तुम्हालाच परत द्यायची, बाहेरचं काहीच नाही, मग रिॲक्शन कसली येणार?" गुडघेदुखी, केसगळती, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळ्या जाहिरातींत हे वाक्य असतं आणि ते ऐकायला इतकं पटतं की पुढे प्रश्न विचारायचं कुणाला सुचतच नाही. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. घटना फ्लोरिडातली, २०१५ ची. मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली, पुढे सगळा विषय अमेरिकेच्या कोर्टात गेला आणि त्यातून एक गोष्ट अगदी स्वच्छ कळते. चरबी साफ करणारं उपकरण वेगळं आणि चरबीतून भलतंच काहीतरी काढणारी प्रोसेस वेगळी. दोन्हीकडे सिरिंज असते, सलाईन असतं, सेंट्रीफ्यूज (गरागरा फिरवून थर वेगळे करणारं मशीन) असतं, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण शरीराला कळतो.

आधी घडलं काय ते सांगते.

तीन स्त्रिया, वय ७२, ७८ आणि ८८. तिघींना वयोमानाने होणारं मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू निकामी होत जातो, समोरच्या माणसाचा चेहरा धूसर होतो, वाचता येईनासं होतं, पण कडेकडेचं बऱ्यापैकी दिसत राहतं. तिघींची नजर तेव्हा २०/३० ते २०/२०० यामध्ये होती, आपल्याकडच्या चार्टवर ६/९ ते ६/६० धरा. म्हणजे अंध अजिबात नव्हत्या, घरात वावरता येत होतं, काहींना बऱ्यापैकी दिसतही होतं. त्या फ्लोरिडातल्या एका स्टेम सेल क्लिनिकमध्ये गेल्या, स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. तिथे पोटाची चरबी काढली, ती एंझाइम टाकून प्रोसेस केली, त्यातून ज्या पेशी निघाल्या त्या स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटवाल्या प्लाझ्मात मिसळल्या आणि दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन दिलं. सगळं मिळून तासाभराच्या आत. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते.

आठवड्याच्या आत तिघी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. डोळ्यात रक्तस्राव, डोळ्याचं प्रेशर वाढलेलं, पडदा सुटलेला, लेन्स जागची हललेली. ऑपरेशनं झाली, पण वर्षभराने नजर २०/२०० पासून थेट प्रकाशही न दिसण्यापर्यंत गेलेली होती. वर्ष झाल्यावर सगळ्यात बऱ्या डोळ्याची जी अवस्था होती, ती सुरुवातीच्या सगळ्यात वाईट डोळ्याएवढी होती, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की पोटात गोळा येतो.

आता दोन्ही डोळे एकाच दिवशी, यावर जरा थांबायला हवं. मोतीबिंदूचं साधं रोजचं ऑपरेशन, तरी आपल्याकडचे डॉक्टर सहसा आधी एक डोळा करतात, तो नीट बसला की दुसरा, कारण इन्फेक्शन झालंच तर निदान एक डोळा हातात राहावा. इथे तर उपचार सिद्धच झालेला नव्हता, प्रयोगाच्या पातळीवरचा होता, अशा वेळी दोन्ही डोळ्यांत एकदम सुई घालणं याला माझ्या मते कोणतंही समर्थन नाही, आणि ज्या नेत्रतज्ज्ञांनी हा पेपर लिहिला त्यांनीही हे धोक्याचं चिन्ह म्हणून स्पष्ट नोंदवलंय.

बरं, या बायका भोळसट होत्या का, तर नाही. अमेरिकन सरकारची क्लिनिकल ट्रायल्सची जी वेबसाइट आहे तिच्यावर या उपचाराची नोंद होती, आणि किमान एकीला तरी आपण रीतसर ट्रायलमध्ये भाग घेतोय असंच वाटत होतं. पण त्यांना सही करायला दिलेल्या कागदांत ट्रायलचा उल्लेखच नव्हता. आणि ट्रायलमध्ये सामील व्हायला पाच हजार डॉलर का भरावे लागतात, हा प्रश्न त्या घाईत आणि त्या आशेत कुणी विचारला नाही. नजर जात चाललेल्या माणसाला दोष देणं मला जमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे चरबी साफ करणं म्हणजे नेमकं काय. प्लास्टिक सर्जन एका जागची चरबी काढून दुसरीकडचा खड्डा भरतात, उदाहरणार्थ ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर स्तनात राहिलेला, आणि भरण्याआधी ती साफ करावी लागते. हे कळल्याशिवाय पुढचा कोर्टातला वाद कळणार नाही.

लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, निघालेली चरबी सिरिंजमध्ये भरून स्टँडमध्ये उभी ठेवा आणि नुसतं बघत बसा. थोड्या वेळात थर पडायला लागतात. सगळ्यात वर पिवळंधम्मक पारदर्शक तेल, ते म्हणजे काढताना ज्या पेशी फुटल्या त्यांच्या पोटातली चरबी. मधे फिकट पिवळा, दाणेदार, ओलसर थर, हीच कामाची चरबी, जिवंत पेशींचे छोटे छोटे पुंजके. आणि खाली लालसर पाणी, त्यात रक्त, सलाईन, भुलीचं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावाव्यात म्हणून घातलेलं ॲड्रिनलिन. हे पाणी येतं कुठून, तर चरबी काढण्याआधी तो भाग अशा पाण्याने चांगला टम्म फुगवतात, त्याला ट्युमेसंट पद्धत म्हणतात, डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये ती मांडली आणि लायपोसक्शनमधला रक्तस्राव त्यामुळे खूप कमी झाला.

यातलं वरचं आणि खालचं काढून मधलं ठेवायचं, शुद्धीकरण म्हणजे एवढंच. पण हे नीट न केल्याचे परिणाम मोठे आहेत. तेल राहिलं तर त्याच्या भोवती सूज येते, पुढे तेलाच्या गाठी होतात, स्तनात अशी गाठ झाली तर मॅमोग्राफीत ती दिसते आणि बाईचा जीव टांगणीला लागतो की हा परत कॅन्सर तर नाही. रक्त राहिलं तर सूज वाढते. आणि पाणी राहिलं तर हिशेबच चुकतो, सर्जनला वाटतं आपण भरपूर भरलं, पण त्यातलं बरंचसं पाणीच होतं, ते आठवड्याभरात शोषलं गेलं आणि खड्डा परत दिसायला लागला.

चरबी भरायची कल्पना मात्र जुनी आहे. जर्मन सर्जन गुस्टाव नॉयबर यांनी १८९३ मध्ये हाताची चरबी काढून चेहऱ्यावरच्या खड्ड्यात बसवली होती. पुढे अनेक वर्षं अनुभव असा की बसवलेल्यातली निम्मीअर्धी चरबी टिकायची, बाकी शरीर खाऊन टाकायचं. कारण साधं आहे, चरबी काढली की तिची रक्तवाहिनी तुटली, नव्या जागी नवीन रक्तवाहिन्या फुटेपर्यंत काही दिवस ती फक्त आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर जगते. जपानच्या योशिमुरा यांच्या टीमने दाखवलं की गोळ्याच्या बाहेरचा साधारण ३०० मायक्रॉनच्या आतला पातळ थरच खात्रीने तगतो, आतलं काही नव्याने तयार होतं आणि मधलं मरतं. म्हणून एकाच जागी ढीग ओतून चालत नाही, बारीक बारीक धाग्यांसारखी पसरून घालावी लागते.

या सगळ्याला शिस्त लावली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी कोलमन यांनी. बारीक बोथट कॅन्युला म्हणजे नळी, हाताने हलकं सक्शन, १० मिलीच्या सिरिंजा, त्या सेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३ मिनिटं फिरवायच्या, वरचं तेल ओतून टाकायचं, उरलेलं तेल पट्टीने टिपून घ्यायचं, खालचं झाकण उघडून पाणी सोडून द्यायचं आणि मग चरबी अगदी थोडी थोडी करून सोडायची. ही पद्धत आजही मापदंड मानली जाते. काही सर्जन सेंट्रीफ्यूज न वापरता चरबी न चिकटणाऱ्या गॉझवर पसरून हलक्या हाताने लोळवतात, पाणी आणि तेल कापडात उतरतं, चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून ठेवतो त्यातलाच प्रकार, आणि लहान कामाला हे खरंच छान चालतं.

पण स्तनाच्या कामाला एका वेळी दोनशे, तीनशे मिली चरबी लागते. तेव्हा दहा दहा मिलीच्या सिरिंजा फिरवत बसलं तर तास जातात, आणि तेवढा वेळ चरबी ऑपरेशन थिएटरमधल्या उघड्या हवेत राहते. इथे बंद उपकरणं कामाला येतात. प्युअरग्राफ्ट ही एक पिशवी आहे, आत गाळणीचा पडदा, चरबी आत सोडायची, रिंगर लॅक्टेट हे सलाईनसारखं पाणी सोडायचं, पिशवी हलवायची, पाणी-तेल-रक्त पडद्यातून खाली उतरतं, चरबी वर राहते. रिव्हॉल्व्हमध्ये एक डबा, आत जाळीची टोपली आणि वर फिरवायचा दांडा, धुवायचं, फिरवायचं, खालून सक्शनने घाण पाणी ओढून घ्यायचं. लायपोजेम्स हे इटलीतलं, त्यात पारदर्शक नळकांडं आणि आत स्टीलच्या गोळ्या, सलाईन भरून हलवलं की गोळ्यांमुळे चरबीचे पुंजके बारीक होतात आणि तेल-रक्त धुतलं जातं. तिन्हींची रचना वेगवेगळी, किंमत वेगळी, कंपन्यांचे दावेही वेगळे, पण एक गोष्ट तिन्हींत सारखी. एंझाइम नाही. आत चरबी गेली, बाहेर चरबीच आली, फक्त स्वच्छ.

कोणतं सगळ्यात चांगलं, हा प्रश्न हमखास येतो. अभ्यास बरेच झालेत पण एक निर्विवाद विजेता कुणी ठरलेला नाही. मला स्वतःला असं वाटतं की चरबी काढताना किती हळुवार काढली आणि घालताना किती बारीक पसरून घातली, याचा फरक डब्याच्या ब्रँडपेक्षा जास्त पडतो. बंद उपकरणाचा खरा फायदा म्हणजे वेळ वाचतो, हवेशी संपर्क कमी होतो आणि दर वेळी सारखंच साफ होतं, मग हात कुणाचाही असो.

आता फ्लोरिडाच्या क्लिनिकमध्ये यापेक्षा वेगळं काय झालं, ते बघा. तिथे चरबी नुसती धुतली नाही, तिच्यात एंझाइम घातलं. चरबीच्या पेशींना धरून ठेवणारी जी कोलॅजनची चौकट असते ती एंझाइमने विरघळते, मग सेंट्रीफ्यूज केल्यावर भरलेल्या चरबीपेशी वर तरंगतात आणि त्या टाकून देतात. हो, चरबीच टाकून देतात! तळाशी जो चिमूटभर गाळ बसतो तो ठेवतात. त्याला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन म्हणतात, थोडक्यात एसव्हीएफ. त्यात थोड्या स्टेम सेल्स असतात, पण त्याबरोबर रक्तवाहिन्यांच्या पेशी, फायब्रोब्लास्ट (जखम भरणारे धागे बनवणाऱ्या पेशी), पांढऱ्या पेशी असा सगळा मिश्र जमाव असतो. म्हणजे धुण्याच्या उपकरणात जे फेकायचं ते फेकून चरबी ठेवतात आणि इथे चरबी फेकून गाळ ठेवतात. दोन्हीला "प्रोसेसिंग" हाच शब्द वापरला की पेशंटच्या डोक्यात दोन्ही एकच होतं, गोंधळ तिथे आहे.

आणि हा गाळ गेला डोळ्यात. डोळ्याच्या आतला जेलसारखा भाग जेमतेम ४ मिलीचा, नेहमीचं डोळ्यातलं इंजेक्शन ०.०५ मिलीचं असतं, इतकी ती जागा नाजूक. तिथे एंझाइमचा अंश गेला तर पडद्याला विषारी ठरू शकतो. आणि फायब्रोब्लास्टसारख्या पेशी तिथे रुजल्या तर त्या जखम भरताना करतात तेच करतात, धागे तयार करून आकसतात, आणि आकसताना पडदा ओढून सोडवतात. पेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी कारणं म्हणून या शक्यता मांडल्या आहेत. पोटाच्या त्वचेखाली याच पेशी बिनबोभाट राहिल्या असत्या. पेशी स्वतःच्या होत्या, यात खोटं काहीच नव्हतं. जागा चुकली, रूप बदललं आणि तपासणी कसलीच झाली नाही.

यानंतर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, फ्लोरिडातल्या सनराइज इथल्या यू. एस. स्टेम सेल क्लिनिकची तपासणी केली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये वॉर्निंग लेटर काढलं. त्यात निर्जंतुकतेबद्दलच्या गंभीर त्रुटी होत्या, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना अडवल्याचंही होतं. मे २०१८ मध्ये सरकार कोर्टात गेलं. सरकारचा आरोप फक्त डोळ्यांपुरता नव्हता, हेच एसव्हीएफ पार्किन्सन्सपासून फुप्फुसाच्या आजारापर्यंत कशाकशासाठी दिलं जात होतं.

क्लिनिकचा बचाव ऐकला तर पहिल्या फटक्यात पटतो. अमेरिकेच्या नियमात एक सूट आहे, पेशंटच्या शरीरातून ऊती काढली आणि त्याच सर्जरीत त्याच पेशंटला परत बसवली तर एफडीएचे ऊती-पेशींबद्दलचे नियम लागू होत नाहीत. मांडीची त्वचा काढून भाजलेल्या जागी लावतात, त्याला प्रत्येक वेळी औषधासारखी परवानगी कोण घेणार, ते बरोबरच आहे. क्लिनिकचं म्हणणं, आम्हीही तेच करतोय, या पेशी आधीपासून चरबीत होत्याच, आम्ही फक्त बाहेर काढून परत दिल्या.

जून २०१९ मध्ये न्यायाधीश उर्सुला उंगारो यांनी आणि २ जून २०२१ ला अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्या विभागात येतं तिथल्या, अपील कोर्टाने हे फेटाळलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, शरीरातून काढली ती चरबीची ऊती, परत घातला तो पेशींचा गाळ, या दोन गोष्टी एक नाहीत. काढलेली ऊती धुतली, साफ केली, बसेल त्या आकाराची केली तर ती तीच राहते, पण एंझाइमने तिचे तुकडे पाडून एक भाग उचलला तर सूट संपली. दुसरा मुद्दा चरबीच्या मूळ कामाचा. शरीरात चरबीचं काम म्हणजे मुख्यतः आधार देणं, गादीसारखं मऊ ठेवणं, आकार भरून काढणं. स्तनाचा खड्डा भरायला चरबी, हे तिचंच काम. डोळ्याच्या पडद्यासाठी किंवा मेंदूच्या आजारासाठी चरबीतल्या पेशी, हे तिचं काम नाही, त्यामुळे ते औषध ठरतं आणि औषध म्हटलं की मंजुरी हवी, ट्रायल हवी.

सगळ्या कोर्टांना हे लगेच पटलं असंही नाही. कॅलिफोर्नियात अशाच एसव्हीएफच्या केसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने क्लिनिकच्या बाजूने निकाल दिला आणि तिकडच्या क्लिनिकवाल्यांनी तो खूप मिरवला. सप्टेंबर २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो उलटवला. म्हणजे आता दोन्ही किनाऱ्यांवरची अपील कोर्टं एकाच बाजूला आहेत, कॅलिफोर्नियात किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना कुणी अजूनही तो २०२२ चा निकाल दाखवत असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

या निकालांचा धुण्याच्या उपकरणांना फटका बसला का? नाही, उलट त्यांची जागा स्पष्ट झाली. पण एक गल्लत होते ती बघितली पाहिजे. एखाद्या उपकरणाला मंजुरी आहे म्हणजे त्यातून निघालेली चरबी कुठेही, कशासाठीही वापरायला मंजुरी आहे असं होत नाही. मंजुरी त्या डब्याला, त्याच्यावर लिहिलेल्या वापरापुरती. "आमचं मशीन मंजूर आहे" हे वाक्य खरं असूनही पेशंटची दिशाभूल होऊ शकते.

आपल्याकडचं चित्रही याच्याशी जुळतं. १ एप्रिल २०२० पासून भारतात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, त्यामुळे असा डबा विकायला आणि आयात करायला रीतसर लायसन्स लागतं. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची स्टेम सेल गाइडलाइन सांगते की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा खड्डा, भाजल्याचे आकसलेले व्रण, एका बाजूने सुकत गेलेला चेहरा, अशा पेशंटना नीट धुतलेल्या चरबीने जे मिळतं ते फार मोलाचं आहे, बाई आरशात परत नीट बघायला लागते, आणि या चांगल्या कामाचं नाव स्टेम सेलच्या दुकानांमुळे खराब होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर तुम्ही किंवा घरातलं कुणी अशा उपचाराला जाणार असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की चरबीत एंझाइम घालणार का, शेवटी माझ्या शरीरात चरबीच परत जाणार की त्यातून वेगळ्या केलेल्या पेशी, आणि जिथे घालणार तिथे चरबीचं काम काय. चांगला प्लास्टिक सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, उलट सिरिंजचे थर दाखवून समजावतो. ट्रायल आहे असं सांगितलं तर आपल्या सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर, नंबर टाकून बघा, पण नुसती नोंद दिसली म्हणून थांबू नका, फ्लोरिडातही नोंद होतीच. एथिक्स कमिटीची मान्यता कुणी दिली, डीसीजीआयची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांची, परवानगी आहे का, आणि ट्रायलचं नाव सांगून तुमच्याकडून पैसे मागतायत का, हे तिन्ही बघूनच कागदावर सही करा.